सुलक्षणाला पोहता येतं

९ फेब्रुवारी

गेली. ट्रॉली दोन्ही हातांनी घट्ट धरून काचेच्या दारातून आत गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही! चैतन्य म्हणाला, "बाबा, आई घाबरली असेल, म्हणून नाही बघितलं." असेल. चाळीस वर्षांत ठाण्याच्या पुढे एकटी गेलेली नाही. ट्रॉलीवर अळिवाचे लाडू, डिंक, बाळंतशेपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, आणि सगळ्यांत वर तिची काळी पर्स. पर्समध्ये नवाकोरा पासपोर्ट. मागच्या दिवाळीत काढला आणि आज त्यावर शिक्का बसला!

माझा पासपोर्ट १९८६ सालचा. मस्कतच्या नोकरीसाठी काढला होता. नोकरी काही आली नाही, पासपोर्ट मात्र दर दहा वर्षांनी नवा करत आलो. दर वेळी पानं कोरीच.

प्रांजलने स्वच्छ सांगितलं होतं. "बाबा, बाळ लहान, घर त्याहून लहान. तुम्ही इथे येऊन काय करणार?" खरंच, मी काय करणार? लेकीचं बाळंतपण करणार? बाळाला तेल लावणार? बोलावणं आईला येतं. बापाला फोटो येतात.

घरी आलो. चहा दोन कप टाकला. एक ओतून दिला.

११ फेब्रुवारी

पोचली. इंग्लंडमध्ये, समुद्रकाठच्या प्लिमथ गावात! प्रांजल तिथल्या इस्पितळात नर्स आहे. मी नकाशात त्या गावावर पेन्सिलीने गोल करून ठेवलाय चार वर्षांपूर्वीच.

विचारलं, "अगं, ढग कसे दिसले वरून?"

"झोपले होते हो. आणि ऐका, मिसळणाचा डबा खालच्या फळीवर आहे."

झोपली होती! खिडकीची जागा होती तिची!

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत गेलो. बाकावर धोंडिराम होता. तिसऱ्या मजल्यावरचा, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला. त्याची जया कॅनडात, मुलीकडे. तिसरी खेप.

"ये श्याम्या, ये! राखणदार मंडळात स्वागत आहे."

"कसली राखण रे?"

"घराची. बायका फॉरेनला, आणि आपण कुंड्यांना पाणी घालतोय. शेजारचे नाडकर्णी बघ, ते तर आता पोळ्यापण लाटतात."

माझं तोंड उतरलेलं दिसलं असणार. जवळ सरकला. "वाईट वाटून घेऊ नको यार. मजा करायला नेतात असं वाटतं तुला? फुकटची आया हवी असते त्यांना. जया तीनदा गेली, अजून तो धबधबा बघितला नाही तिने. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी बघितली."

ऐकून वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं!

२७ फेब्रुवारी

सहावीच्या पुस्तकातली दर्यावरची कविता सबंध म्हटली. गॅलरीत उभा राहून, मोठ्याने. एक कडवंही विसरलेलो नाही. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

२ मार्च

चैतन्य आला होता. पवईच्या ऑफिसातून हल्ली रविवारीही फोन येतात त्याला. जेवताना मी सहज म्हणालो, "तुझी आई गेली बघ. आणि आपण दोघं इथेच."

तर उसळला एकदम! "बाबा, तुम्ही मला इंजिनीअर का केलंत आठवतं ना? परदेशात जाईल म्हणून. आणि ताईला नर्सिंगला का घातलंत? मुलगी आहे, नोकरी मुलुंडातच मिळेल, चालत जाता येईल, डोळ्यांसमोर राहील म्हणून. आता बघा! तिकडे नर्स हव्यात, ताईला बोलावून नेलं. भावजी तिचे नवरे म्हणून गेले. माझ्यासारखे इंजिनीअर तिकडे रस्त्यावर पडलेत. मला कोण बोलावतंय?"

खरंच होतं ते. जवळचं इस्पितळ चालत दहा मिनिटांवर आहे, हेच बघून फॉर्म भरला होता तिचा. मीच भरला होता.

माझे आजोबा, गुणाजी, बोटीवर खलाशी होते. बसरा, मोंबासा, एडन. आजी देवगडाकडे घरात. वर्षातून कधीतरी आजोबा यायचे, लोखंडी पेटी घेऊन. आम्ही मुलं पेटीभोवती बसायचो. आजी मात्र लांब, चुलीपाशी. ती कधी विचारायची नाही, एडन कसं असतं म्हणून. मला तेव्हा वाटायचं, हिला कसं विचारावंसं वाटत नाही!

वाटत असेल. विचारून वर जळायचं कशाला, म्हणून नसेल विचारत. आता समजतंय मला.

१४ मार्च

कुकरच्या तीन शिट्ट्या, असं सांगून गेली आहे. पहिल्या शिट्टीनंतर एक ओळ सुचली. छान ओळ होती. दुसऱ्या ओळीसाठी प्लिमथला यमक शोधत बसलो. मिळालं नाही. वरण करपलं.

२३ मार्च

हल्ली फोन आखूड झालेत तिचे. "ठेवते हो, निघायचंय."

"कुठे?"

"इथेच. फिरायला."

एकटी? तिथे? रस्ता ओलांडताना माझा दंड धरणारी बाई!

६ एप्रिल



आज प्रांजलने फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "आई रॉक्स!" फोटोत राखाडी समुद्र. पाण्यात चार-पाच म्हाताऱ्या गोऱ्या बायका, आणि त्यांच्या मध्ये, गळ्यापर्यंत पाण्यात, जांभळी टोपी घातलेली — सुलक्षणा! माझी सुलक्षणा! आणि हसतेय. दात दिसतायत. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत.

लगेच फोन लावला.

"अगं, हे काय? बुडशील ना!"

"कशी बुडेन? पोहता येतं मला."

"तुला पोहता येतं?"

"आचऱ्याच्या खाडीकाठी वाढले मी. या काठावरून त्या काठावर जायचो आम्ही. बारा वर्षांची झाले नि आईने बंद केलं. पण पाणी काय विसरतं का हो?"

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

बाबागाडी घेऊन समुद्राच्या रस्त्याने फिरायला जायची म्हणे. या बायका रोज उतरायच्या, ही कठड्यावरून बघत उभी. एक दिवस त्यातली मार्गारेट नावाची वर आली, ओलीगच्च, आणि हिला खुणेने म्हणाली, येतेस का? आणि ही गेली! दुसऱ्या दिवशी जुना पंजाबी ड्रेस घालून गेली. ना इंग्रजी येत, ना काही.

"आणि बाळ कोण बघतं तेव्हा?"

"अनिरुद्धराव बघतात. त्यांची पाळी दुपारची असते गोदामात. सकाळी तेच तेल लावतात स्वरदाला. मी शिकवलं. हात हलका आहे त्यांचा, मुलगी रडत नाही."

जावई तेल लावतो! म्हणजे पुरुषाला ते येतं. शिकवलं तर येतं.

७ एप्रिल

झोप नीट नाही. गोराई आठवत राहिली. मुलं लहान होती तेव्हा वर्षातून एकदा न्यायचो. बोटीतून पलीकडे जायचं, मग टांग्यातून किनाऱ्यावर. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहायचो आणि दर्यावरची कविता म्हणायचो. मुलं टाळ्या वाजवायची. सुलक्षणा कोरड्या वाळूत उभी असायची, चौघांच्या चपला धरून. मी ओरडायचो, "ये की, घाबरतेस काय!" ती मान हलवायची.

नाही, "ये की" असं मी म्हणायचो का? "घाबरट आहेस" म्हणायचो. हो. तेच म्हणायचो.

१२ एप्रिल

धोंडिरामला फोटो दाखवला. चष्मा वर करून, खाली करून बघितला. मला वाटलं हसेल. फोन माझ्याकडे परत दिला. मग हळूच म्हणाला, "जया असलं काही करत नसेल ना रे?"

१३ एप्रिल

धोंडिरामने जयाला विचारलं. पोहता येत नाही म्हणाली. पण गाडी शिकतेय! मुलीच्या गाडीत बसून, बर्फ वितळल्यापासून.

आम्ही दोघं बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

२० एप्रिल

मार्गारेट, मार्गारेट, मार्गारेट! मार्गारेटने केक आणला. मार्गारेटला कांदेपोहे आवडले. मार्गारेटचा नवरा वारला, ती त्याच दिवशी सकाळी पोहली.

आज बटाटे सोलता सोलता बोलत होती, कॅमेरा छताकडे. मी सहज विचारलं, थंडगार पाण्यात वाटतं तरी कसं?

म्हणाली, "आधी सुया टोचतात हो. मग काहीच नाही. मग आपणच पाणी होतो."

आणि बटाटा चिरायला घेतला!

मी साठ वर्षं कविता पाठ करतोय. समुद्रावरच्या सगळ्या. पंचवीस वह्या तरी भरल्या असतील यमकांच्या. असली ओळ मला एकदा सुचली नाही. आणि ही बटाटे सोलता सोलता बोलून जाते, तिला कळतही नाही काय बोलली ते.

समुद्र माझा होता. आमच्या घरात समुद्र माझ्या वाटणीचा होता! तिच्याकडे बाकी सगळं होतं — मुलं, शेजार, देव, माहेर. तिने तोही घेतला.

जळतोय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. अगदी जळतोय.

२६ एप्रिल

ऑगस्टपर्यंत आहे ती तिथे. अजून तीन-साडेतीन महिने.

२७ एप्रिल

आज फोनवर म्हणालो, छातीत दुखतंय.

ठरवलं नव्हतं. ती नेहमीसारखी "ठेवते हो" म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "छातीत जरा भरून येतंय गं. कालपासून." मग प्रांजल फोनवर आली. डाव्या बाजूला? हात जड वाटतो का? घाम येतो का? नर्स ती! मी आपला प्रत्येकाला हो म्हणत गेलो. फोन परत सुलक्षणाकडे गेला तेव्हा मला माझीच दया आली. गॅलरीतून सूर्य मावळताना दिसत होता. मावळतीची ती कविता आहे ना आठवीतली, ती म्हणायला लागलो. तीही ऐकत राहिली.

"येते मी," म्हणाली.

जिंकलो! असं वाटलं. अर्धा तास वाटलं.

२९ एप्रिल

तिकीट बदललं. ११ मेला येतेय.

२ मे

चैतन्य रजा टाकून आला, इस्पितळात घेऊन गेला. त्याच इस्पितळात, चालत दहा मिनिटं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त काढलं, पट्ट्यावर चालायला लावलं. डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, "काका, वाट लागायची ती आमची लागेल, तुमचं हृदय झकास आहे."

बाहेर आल्यावर चैतन्यने माझ्याकडे बघितलं. "बाबा, दुखत होतं ना नक्की?"

"दुखतच होतं."

"मग ठीक." रिक्षाला हात केला. आईला मात्र काही कळवू नको म्हणालो.

५ मे

प्रांजलचा फोन. आवाज बसलेला.

"बाबा, बरं वाटतंय का? आज आईची शेवटची डुबकी होती. सगळ्या आल्या होत्या. केक, फुगे, काय काय. मार्गारेटने तिला ती टोपी देऊन टाकली. आणि आई रडली, बाबा. मी आईला असं रडताना कधी बघितलंच नाही. हमसून हमसून."

मीही नाही बघितलं. माझी आई गेली तेव्हा नाही, तिची आई गेली तेव्हा पदर डोळ्याला लावला तेवढाच. या बायकांसाठी रडली, ज्यांची भाषा येत नाही!

पहिल्यांदा राग आला. मग मस्कत आठवलं. नेमणुकीच्या पत्राची वाट बघत रोज टपालपेटीशी जायचो. समजा पत्र आलं असतं. समजा मी तिथे पोचलो असतो, आणि इथून कोणीतरी छातीत दुखतंय असं खोटंच सांगून मला परत बोलावलं असतं तर? जन्मभर बोललो नसतो त्या माणसाशी.

फोन लावला. हात घामेजले, आता मात्र खरेच.

"सुलू, ऐक. छातीत काही नव्हतं. खोटं बोललो. तिकीट रद्द कर."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"छातीत दुखणारा माणूस कविता म्हणतो होय? अख्खी म्हणालात. शेवटचं कडवं तर दोनदा."

मागे कुठेतरी स्वरदा कुरकुरत होती आणि अनिरुद्ध तिला "हो गं, हो गं माझी बाय" करत होता.

"मग तिकीट का बदललंस?"

तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही मला जा म्हणालात, आण म्हणालात, दे म्हणालात. ये असं कधी म्हणाला नव्हतात. म्हटलं, खोटं तर खोटं. माणूस बोलावतोय तर जाऊन येऊ."

१० मे

घर झाडलं. मिसळणाचा डबा घासून पुन्हा भरला. मोहरीत मेथ्या सांडल्या, निवडत बसलो. धोंडिराम डोकावला. "काय श्याम्या, परीक्षा आहे का उद्या?"

११ मे

आली. त्याच काचेच्या दारातून. मी ट्रॉली घ्यायला पुढे झालो, तिने दिली नाही. एका हाताने ढकलत होती! दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

चेहरा रापलाय. खांदे सरळ झाल्यासारखे वाटतात. गाडीत बसल्यावर पर्समधून एक गुळगुळीत करडा गोटा काढून माझ्या हातात दिला. "तिथल्या समुद्रातला. तुमच्यासाठी." बस्. मी रात्री उशापाशी ठेवला. मग पुन्हा हातात घेतला.

१४ मे

छातीबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही. मीही नाही. आज मी कुकर लावला, तीन शिट्ट्या बरोबर मोजल्या. ती गॅलरीत उभी होती, तिथून समुद्र दिसत नाही, खाडीकडची खारफुटी दिसते तेवढी. तिकडेच बघत होती.

मागून जाऊन म्हणालो, "रविवारी गोराईला जायचं का?"

वळून माझ्याकडे बघितलं. इतका वेळ कधी बघितलं नसेल. "पाण्यात उतरणार मी," म्हणाली. "आधीच सांगते."

१८ मे

गोराई. गर्दी, उंट, बर्फाचे गोळे. तिने पंजाबी ड्रेसवर ओढणी कंबरेला गच्च बांधली, जांभळी टोपी घातली. पोरंटोरं बघत राहिली. चपला काढल्या आणि माझ्याकडे दिल्या.

"धरा हो जरा."

मी धरल्या.

"सप्टेंबरात मी परत जातेय. प्रांजल कामावर रुजू होणार, आणि मार्गारेटलाही शब्द दिलाय. व्हिसा दोन वर्षांचा आहे. तुमचा पासपोर्ट चालू आहे ना? यायचं तर या. अनिरुद्धराव तेल लावायला शिकवतील. पण नाही आलात तरी मी जाणार."

आणि गेली. पाणी गुडघ्याला, कमरेला, मग नुसती टोपी. जीवरक्षकाने शिट्टी मारली. "ओ आजी! पुढे नको!" तिने मागे न बघताच हात वर केला.

दर्यावरची कविता म्हणावी म्हटलं. एक ओळ आठवेना.

चपला अजून गरम होत्या.